धोका : किती, कोणाला आणि कधी?

जुलै लागला आणि घाटमाथ्यावर पावसानं ठाण मांडलं की कोल्हापुरात कोणीही कोणाला भेटलं तरी पहिला प्रश्न एकच, ‘पाणी किती झालं?’ उत्तर फुटांत आणि इंचांत येतं. हे फूट-इंच राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे, हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. सांगलीत हेच काम आयर्विन पूल करतो. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. शाळकरी पोरापासून भाजी विकणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांना हे आकडे पाठ असतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, प्रत्येकातून १४२८ क्युसेकनं पाणी सुटलंय तर ते शहराजवळ कधी पोचणार, याचा हिशेब चहाच्या टपरीवर मांडला जातो.

‘धोका’ हा शब्द मराठीत दिवसभर कानावर पडतो, पण तो इतका नेमका मला दुसरीकडे क्वचित दिसतो. नदीकाठी त्याला जागा आहे, आकडा आहे आणि त्या आकड्याला जोडलेली कामं आहेत. इशारा पातळीला सुतारवाड्यातल्या कुटुंबांनी बांधाबांध करायची, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांनी जनावरं बाहेर काढायला घ्यायची, नदीलगतच्या दुकानदारांनी खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवायचा. दोन पातळ्यांमधलं चार-पाच फुटांचं अंतर म्हणजे हातात उरलेला वेळ. ‘इशारा’ आणि ‘धोका’ असे दोन निराळे शब्द का ठेवलेत, ते इथे कळतं. इशारा मिळतो तेव्हा माणसाला काहीतरी करायला अजून अवसर असतो. धोका पातळी ओलांडली की नुकसान दारात आलेलं असतं.

केंद्रीय जल आयोगाची पुराची प्रतवारीही याच पायऱ्यांवर उभी आहे. इशारा पातळी ते धोका पातळी यांच्यामध्ये पाणी असेल तर तो सामान्यापेक्षा मोठा पूर, धोका पातळीच्या वर गेला की गंभीर, आणि त्या ठिकाणी आजवर नोंदलेली सर्वोच्च पातळी गाठली किंवा ओलांडली की अतिगंभीर. या शेवटच्या पायरीवरच २०१९च्या ऑगस्टमध्ये घात झाला. सांगली-कोल्हापूरच्या पुष्कळ घरांत २००५च्या महापुराची खूण भिंतीवर होती, आणि भिंतीपेक्षा जास्त ती डोक्यात होती. ‘पाच सालीसुद्धा आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, आता कुठलं येतंय’ असं म्हणून माणसं घरातच थांबली. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेली, म्हणजे धोका पातळीच्या साडेबारा फूट वर. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच पाणी होतं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली. आकडा पाठ होता, इशारा मिळाला होता, तरी जुन्या पुराची खूण लोकांनी नदीची शेवटची मर्यादा मानली होती. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैमध्ये, पंचगंगेनं २०१९ची खूणही मागे टाकली.

समुद्राकाठी अशाच नेमकेपणाचा दुसरा नमुना आहे, आणि त्यानं मराठीला एक वाक्प्रचारही दिला. ‘धोक्याचा बावटा’ आपण आज महागाईपासून परीक्षेच्या निकालापर्यंत कशालाही लावतो, पण कोकणातल्या मच्छीमाराला तो बंदरावर प्रत्यक्ष दिसतो. १८६४ साली कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ झालं आणि त्यानंतरच्या वर्षी तिथल्या बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे ती देशभरच्या बंदरांवर पसरली. १ ते ११ असे क्रमांक ठरले. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवायच्या, रात्री लाल-पांढरे दिवे लावायचे. कापडी निशाण नसलं तरी लोकांनी नाव दिलं बावटा, आणि तेच टिकलं. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ असं रायगड-रत्नागिरीच्या बंदरांवर ऐकू आलं की अर्थ स्पष्ट असतो : बंदरातच सोसाट्याचा वारा आणि खवळलेलं पाणी येणार, लहान होड्या बाहेर काढू नका, बाहेर असतील त्यांनी परत फिरा. एक आणि दोन नंबर दूर खोल समुद्रातल्या हवामानाचे, चारपासून पुढे बंदरावरचा धोका वाढत जातो, दहा म्हणजे महाभयंकर वादळ. अकरा नंबर तर वादळाचाही नाही. हवामान केंद्राशी संपर्क तुटलाय, एवढंच तो सांगतो. पुढे काय येतंय ते कळायला मार्ग नाही, हाही एक धोकाच, आणि तो सर्वांत वरच्या क्रमांकावर ठेवला आहे. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या या शहाणपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता खुद्द शब्दाकडे वळू. मराठीत भीती, धोका, संकट, जोखीम हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण त्यांच्यामागे येणारी क्रियापदं पाहा, ती चूक करत नाहीत. भीती वाटते. धोका असतो. संकट येतं. जोखीम घेतली जाते. भीती मनात असते, आणि बाहेर काही नसतानाही ती वाटू शकते. धोका बाहेर असतो, आणि तो कोणाला जाणवला नाही तरी असतोच. संकट म्हणजे तोच धोका प्रत्यक्षात उतरलेला. आणि जोखीम या चारांत एकटीच अशी, जिला घेणारा माणूस लागतो. म्हणून ‘धोका टळला’ आपण म्हणतो आणि ‘संकट टळलं’ असंही म्हणतो, पण ‘जोखीम टळली’ म्हटलं की कानाला खटकतं. जोखीम टाळावी लागते, कोणीतरी ठरवून.

या फरकाचा कस रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात लागतो. अपघात झालेल्या माणसाचे नातेवाईक डॉक्टरांच्या तोंडून फक्त दोन शब्द ऐकायला थांबलेले असतात : ‘धोक्याबाहेर आहे.’ रुग्ण बरा झाला असा त्याचा अर्थ नसतो. हाड मोडलेलंच असतं, ताप असतो, महिनाभर खाटेवर पडून राहायचं असतं. म्हणजे संकट संपलेलं नसतं. पण यापेक्षा वाईट काही होण्याची शक्यता आता उरली नाही, इतकंच ते शब्द सांगतात, आणि तेवढ्यानं माणसं भिंतीला टेकून रडतात. धोका हा न घडलेल्या गोष्टीविषयीचा शब्द आहे, हे या दोन शब्दांइतकं स्वच्छ मला कुठे दिसलं नाही.

शेजारच्या हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, आणि आपल्या ‘धोक्या’साठी हिंदीत ‘खतरा’ आहे. मराठीत फसवणुकीसाठी दगा हा खणखणीत शब्द आहे. दगाफटका, दगाबाज, ऐन वेळी दगा देणं, सगळा संसार आहे त्याचा. अलीकडे मालिकांतून आणि गाण्यांतून ‘त्यानं मला धोका दिला’ हे वाक्य मराठीत स्थिरावत चाललंय. भाषा एकमेकींकडून घेतच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या शब्दावर नदीची पातळी आणि विजेचा खांब अवलंबून आहे तो एकाच अर्थाचा राहिलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘दगा दिला’ म्हणायला आपल्याला काहीही अडचण नाही.

जोखमीविषयी मात्र जास्त बोलायला हवं, कारण हा शब्द आपण बँकांना आणि विमावाल्यांना देऊन टाकलाय आणि त्याचा जुना, घरगुती अर्थ विसरत चाललोय. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका लग्नाला परगावी निघाल्या की एकमेकींना बजावायच्या, ‘अंगावर जोखीम आहे, रात्रीच्या गाडीनं जाऊ नका.’ जोखीम म्हणजे दागिने. पाटल्या, तोडे, मोहनमाळ. ज्याच्यामुळे जीव धोक्यात येतो आणि जे गमावलं तर घर खचतं, त्या वस्तूलाच त्यांनी जोखीम हे नाव दिलं होतं. चोर वाटेवर असतो तो धोका. पाटल्या हातात असतात ती जोखीम. पाटल्या घरी ठेवल्या तर चोर तिथेच असला तरी तुमची जोखीम कमी झाली. आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हाच फरक तक्ते काढून शिकवतात. विम्याच्या कागदावर ‘जोखीम सुरू होण्याची तारीख’ असा रकाना असतो, त्यातही हाच अर्थ आहे. त्या तारखेपासून तुमच्या नुकसानीचा भार कंपनीनं अंगावर घेतला. म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकावर सहा टप्प्यांची जोखमीची तबकडी छापलेली असते, तीही बाजार पडेल का हे सांगत नाही. पडला तर तुमचं किती जाऊ शकतं, याचा अंदाज देते.

हा फरक किती जीवघेणा असू शकतो ते किल्लारीनं दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. जगाच्या मानानं हा काही फार मोठा भूकंप नव्हे, पण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. देशाच्या तेव्हाच्या भूकंपनकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. म्हणजे कागदावर धोका जवळपास नव्हताच. पण जोखीम प्रत्येक घराच्या भिंतीत होती. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, सिमेंट नाही, कोपऱ्यांना सांधा नाही, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारं हे घर मराठवाड्याच्या हवेला अगदी योग्य होतं. जमीन हलली तेव्हा त्याच माळवदाखाली झोपलेली माणसं गाडली गेली. पुढे २००२च्या नकाशात हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. नकाशावरचा धोका वाढला, पण नव्या गावांतल्या भूकंपरोधक घरांमुळे तिथली जोखीम मात्र आधीपेक्षा कमी झाली. दोन शब्द एकच मानले तर हे वाक्य लिहिताच येत नाही.

मुंबईत धोका आणि जोखीम यांची ओढाताण दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दिसते. महापालिका आणि म्हाडा धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. पालिकेच्या प्रतवारीत सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती करता येईल, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस निघते, दर्शनी भिंतीवर लाल अक्षरांत फलक लागतो. तरी लोक राहतात. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, यांना जिवाची पर्वा नाही. पण त्या खोलीतल्या बाईंशी बोला. इमारत पडेल हा एक धोका तिला दिसतो. एकदा खोली सोडली की पागडीचा हक्क जाईल, संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढावी लागतील, मुलांची शाळा आणि नवऱ्याचं काम तुटेल, हा दुसरा धोका तिला त्याहून स्पष्ट दिसतो, कारण शेजारच्या चाळीतल्या लोकांचं तसं झालेलं तिनं पाहिलेलं असतं. ती दोन धोके जोखते आणि एक पत्करते. ‘धोकादायक’ या फलकावर पहिल्या धोक्याचा उल्लेख असतो. दुसरा ओढवणार नाही याची हमी देणारा कागद तिच्या हातात पडल्याशिवाय तो फलक भिंतीच्या रंगासारखा होऊन जातो, रोज दिसतो आणि कोणी वाचत नाही.

शब्द असा झिजण्याची आणखी कारणं आहेत. वर्तमानपत्रांत प्रत्येक बातमी ‘धोक्याची घंटा’ असते. तरुण मुलं चांगल्या सिनेमाला ‘खतरनाक’ आणि उत्तम मिसळीला ‘डेंजर’ म्हणतात. त्यांच्या आईबापांना एखादं नाटक ‘भयंकर’ आवडलेलं असतं, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. भावना तीव्र आहे हे सांगायला भीतीचे शब्द वापरणं ही जुनी सवय आहे आणि तिनं कोणाचं वाकडं होत नाही. मला काळजी वाटते ती फलक, नोटिसा आणि लेबलं लिहिणाऱ्यांची. विजेच्या डीपीवरचा फलक बघा. कवटी, खाली दोन हाडं, ‘धोका’ आणि व्होल्टचा आकडा. १९५६च्या भारतीय वीज नियमांनी हे बंधनकारक केलं होतं की सूचना हिंदी किंवा इंग्रजीत असावी, जिल्ह्याच्या भाषेतही असावी, आणि कवटीचं चिन्ह ठरावीक नमुन्याचं असावं. वाचता न येणाऱ्याचाही विचार त्या एका नियमात झाला होता. या फलकाला हात लावायला आजही कोणी धजावत नाही.

आणि आता शेताकडे येऊ, कारण या सगळ्या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तिथे आहे. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. कपाशीवर औषध मारायचं, तुरीला औषध सुटत नाही, कृषी केंद्रातून औषध आणायचं. ज्यानं कंटाळून जीव दिला त्याच्याविषयीसुद्धा गावात दबक्या आवाजात सांगतात, ‘औषध प्यायला.’ मराठी माणसाच्या घरातली सर्वांत विषारी वस्तू ज्या नावानं ओळखली जाते, त्याच नावाची दुसरी बाटली लेकराच्या खोकल्यासाठी फळीवर ठेवलेली असते. हा शब्द कसा रुळला ते समजण्यासारखं आहे. पीक आजारी पडलं, त्याला उपचार केला, म्हणून औषध. पिकाच्या बाजूनं तो बरोबर आहे. पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या बाजूनं तो घातक आहे.

कायद्यानं या बाटलीवर धोक्याची पूर्ण भाषा छापून घेतली आहे. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम यांनुसार प्रत्येक लेबलावर शंकरपाळ्यासारखा, कोनावर उभा असलेला चौकोन असतो. त्याचे वर-खाली दोन त्रिकोण होतात. खालचा त्रिकोण रंगीत असतो, वरच्यात शब्द असतात. लाल म्हणजे अत्यंत विषारी, वर कवटी आणि ‘विष’ या अर्थाचा शब्द. पिवळा म्हणजे अतिविषारी, तिथेही ‘विष’. निळा म्हणजे मध्यम विषारी, तिथे शब्द येतो ‘धोका’ या अर्थाचा. हिरवा म्हणजे सौम्य विषारी, तिथे ‘सावधान’ या अर्थाचा. ही वाटणी कशी ठरते तेही समजून घेण्यासारखं आहे. प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या पोटात ते द्रव्य गेलं तर वजनाच्या दर किलोमागे किती मात्रेनं निम्मी जनावरं मरतात, ते मोजतात. १ ते ५० मिलिग्रॅमला मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा, त्याच्यापुढे हिरवा. त्वचेतून शोषलं गेलं तर काय होतं याचीही वेगळी मोजणी असते. म्हणजे नदीच्या पातळीसारखी इथेही पट्टी आहे, आणि त्या पट्टीवर ‘धोका’ हा शब्द तिसऱ्या पायरीचा आहे. त्याच्या वरच्या दोन पायऱ्यांसाठी कायद्याला तो शब्द पुरेसा वाटला नाही, तिथे त्यानं सरळ विष म्हटलं.

पण ही पट्टी शेतात पोचत नाही. लेबलावरची अक्षरं बारीक, पुष्कळदा परभाषेत, आणि आतल्या घडीपत्रिकेत अनेक भाषा कोंबलेल्या असल्यानं ती आणखी बारीक. बाटली फोडल्यावर पत्रिका बांधावर पडते. फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतोच, रोजंदारीवरचा मजूर असतो. त्याच्यापर्यंत टाकीत कालवलेलं पाणी पोचतं, लेबल कधीच पोचत नाही. शिवाय दोन-तीन औषधं एकाच टाकीत ओतायची पद्धत आहे, एका फेरीत काम उरकतं म्हणून. प्रत्येक बाटलीचा त्रिकोण वेगळा असतो, पण त्या मिश्रणाला कोणताच त्रिकोण नसतो. किती विषारी, याचं उत्तर तिथे कोणाजवळच नसतं.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात हे सगळं एकदम आलं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी, कुठे त्याहून उंच वाढली होती. गुडघ्याएवढ्या पिकावर फवारताना तुषार खाली पडतात. उंच कपाशीत शिरून फवारलं की ते तोंडावर, छातीवर, श्वासात येतात. जास्त दाबाचे पंप, दमट हवा, अंगात साधा सदरा, नाकाला रुमाल, पायात काही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकट्या यवतमाळमध्ये वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावं लागलं. डोळ्यांची आग, मळमळ, घाम, धूसर दिसणं यांनी सुरुवात व्हायची, आणि बरेच जण दिवसभर काम करून घरी जाऊन झोपायचे, कारण फवारणीनंतर थोडं डोकं दुखतंच, अशी सगळ्यांची समजूत होती. त्या गावांनी वर्षानुवर्षं हीच फवारणी केली होती आणि बहुतेक वेळा काही झालं नव्हतं. सांगलीत जशी २००५ची खूण, तशी इथे मागच्या हंगामाची आठवण.

सरकारनं त्यानंतर चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं, काही औषधांवर निर्बंध आणले. लाल त्रिकोणाच्या मोनोक्रोटोफॉसचा ३६ टक्क्यांचा द्रावणप्रकार बंद करण्याचा केंद्राचा आदेश २०२३ मध्ये निघाला. बंदी हवीच. पण बाजारात पिवळे आणि निळे त्रिकोण शेकड्यांनी आहेत आणि राहतील, त्यामुळे पाठीवर पंप घेणाऱ्याला रंग कळणं ही बंदीइतकीच गरजेची गोष्ट आहे. माझी पहिली मागणी कृषी केंद्र चालवणाऱ्यांकडे आहे. बाटली हातात देताना भाव आणि मात्रा सांगता, तसा त्रिकोणाचा रंगही सांगा, आणि ‘हे विष आहे’ असं मराठीत, तोंडानं सांगा. दुसरी मागणी शेतमालकांकडे. मजुराला टाकी भरून देऊ नका, आधी बाटली दाखवा. हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हा मजुरीचा भाग समजा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारायला लावू नका, आणि डोक्यावर गेलेल्या पिकात शिरून फवारणी करायला लावूच नका.

आणि घरात मुलांसमोर त्या बाटलीला औषध म्हणणं सोडा. विष म्हणा. शब्द बदलायला पैसे पडत नाहीत, आणि चार वर्षांच्या पोराला त्रिकोणाचा रंग नाही कळला तरी विष या शब्दातला धाक कळतो.

फवारणी करताना कोणाला गरगरलं, दृष्टी अंधुक झाली, तोंडातून लाळ गळू लागली तर काम तिथेच थांबवा. अंगावरचे कपडे काढून साबणानं भरपूर पाण्यात अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जाताना रिकामी असली तरी बाटली आणि आतली पत्रिका बरोबर न्या. टाकीत दोन-तीन औषधं कालवली असतील तर त्या सगळ्या बाटल्या न्या. कोणतं विष आहे आणि त्यावर उतारा कोणता, हे त्या पत्रिकेवर छापलेलं असतं आणि डॉक्टरांना सर्वांत आधी तेच हवं असतं.